जुन्या मशीनवर ओएस टाकताना 'हार्डवेअर सपोर्टेड नाही' आलं तर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी जुना लॅपटॉप बगलेत मारून येतंच, हा ११ घेत नाही म्हणतोय, आता भंगारात टाकू का. नका टाकू. पण लगेच पेनड्राइव्ह लावून फॉरमॅट मारायलाही बसू नका, कारण कुठली ओएस (विंडोज, लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायची हा प्रश्न नंतरचा, आधी ते मशीन 'नाही' का म्हणतंय ते कळलं पाहिजे. लोक इथेच चुकतात, तीन रात्री जागतात, लिनक्सच्या चार वेगवेगळ्या डिस्ट्रो (आवृत्त्या) उतरवतात आणि मग म्हणतात लिनक्सच बेकार.

'सपोर्टेड नाही' हे वाक्य एकच असलं तरी त्याची कारणं वेगवेगळी असतात. एक म्हणजे कंपनीनं तसं ठरवलंय म्हणून. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (खात्रीचीच ओएस चालू होऊ देणारी सोय), आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा नाहीतर एएमडीचा रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो असं कागदावर आहे, पण सहाव्या सातव्या जनरेशनच्या आय-५ वर तीच विंडोज व्यवस्थित चालते, फक्त इन्स्टॉलर दारातच अडवतो. दुसरं म्हणजे प्रोसेसरला खरंच ते जमत नाही, त्याच्यात ओएसला लागणारी इन्स्ट्रक्शनच (प्रोसेसरला कळणारा आदेश) नाही. आणि तिसरं म्हणजे ओएस चढते, चालूही होते, पण वायफाय दिसत नाही, स्क्रीन काळी राहते, आवाज येत नाही, म्हणजे एखाद्या चिपला ड्रायव्हर नाहीये किंवा फर्मवेअर (चिपच्या आत भरायचं सॉफ्टवेअर) नाहीये. पहिल्याला पळवाट आहे, दुसऱ्याला नाही म्हणजे नाही, तिसऱ्यात खरी खटपट आहे म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितोय.

तर आधी प्रोसेसर बघा. विंडोज चालू होत असेल तर सीपीयू-झेड नावाचं छोटं टूल टाका, त्यात 'इन्स्ट्रक्शन्स' अशी एक ओळ असते, तिथे एसएसई ४.२ (इन्स्ट्रक्शन्सचा एक संच) आहे का आणि ६४ बिट आहे का एवढंच बघायचं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता त्यावरूनच लिनक्स चालतं) असाल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू टाइप करा, फ्लॅग्जची लांबलचक यादी येते त्यात हेच सगळं असतं. हे का बघायचं, तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या दोन गोष्टी लागतातच, नसतील तर इन्स्टॉलरला कितीही गंडवा, बूटच होत नाही. कोअर २ ड्युओमध्ये एसएसई ४.२ नाही, एएमडीच्या जुन्या फिनॉममध्येही नाही, पण पहिल्या जनरेशनच्या आय-३, आय-५, आय-७ मध्ये आहे. म्हणजे कोअर २ ड्युओवाल्यांनी विंडोज ११ चा विचार इथेच सोडायचा आणि थेट लिनक्सकडे वळायचं, उगाच जीव जाळायचा नाही.

६४ बिट नसेल तर मात्र पर्याय पटापट कमी होतात. पेन्टियम एम, पहिल्या पिढीतले नेटबुकवाले अ‍ॅटम एन२७० वगैरे हे निव्वळ ३२ बिट. उबुंटू या डिस्ट्रोनं ३२ बिटची आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलची फाइल) कधीच बंद केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं सुद्धा ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल (ओएसचा गाभा) काढून टाकला. त्यामुळे डेबियन १२ ची ३२ बिट आयएसओ किंवा त्याच्यावर बेतलेली अँटीएक्स २३, ही नावं लक्षात ठेवा. पेन्टियम एमवर अजून एक गंमत आहे, इन्स्टॉलर म्हणतो या प्रोसेसरला पीएई (३२ बिटवर ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरायची सोय) नाही आणि थांबतो. आता त्यातल्या बऱ्याच चिप्सना पीएई असतं, फक्त ते 'आहे' असं सांगत नाहीत, लाजरे आहेत बिचारे. बूटच्या ओळीत शेवटी फोर्सपीएई हा शब्द जोडला की गाडी पुढे जाते (ती ओळ कशी उघडायची ते पुढे काळ्या स्क्रीनपाशी सांगितलंय).

विंडोजची पळवाट थोडक्यात सांगून टाकतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ११ ची आयएसओ घ्या, रुफस (पेनड्राइव्ह बनवायचं टूल) उघडा, आयएसओ निवडून स्टार्ट दाबलं की एक छोटी खिडकी येते, त्यात ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढा असा पहिलाच चौकोन असतो, टिक करा, पेनड्राइव्ह बनवा, संपलं. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) हातानं एंट्र्या टाकायची पद्धतही आहे पण रुफस तेच करतो, मग कशाला. फक्त एक समजून घ्या, अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही, महिन्याची अपडेट येत राहतात पण वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येईलच असं नाही, ती परत असाच पेनड्राइव्ह करून वरून चढवावी लागते. जुन्या इंटेल मॅकवाल्यांसाठी ओपनकोअर लेगसी पॅचर (जुन्या मॅकवर नवं मॅकओएस टाकायचं टूल) आहे, तिथेही तोच प्रकार, मोठं अपडेट आलं की ग्राफिक्स वायफायचे पॅच परत मारायचे, विसरलात तर स्क्रीन कासवासारखी सरकते.

आता लिनक्सकडे. पण पेनड्राइव्ह बनवायच्या आधी हार्डवेअर धडधाकट आहे का ते बघा, हे सगळे टाळतात आणि सगळे पस्तावतात, मी पण. माझ्याकडे एक कोअर २ ड्युओ लॅपटॉप होता, इन्स्टॉल सुरू केलं की कधी ४० टक्क्यांवर अडकायचा, कधी ७० वर, एकदा तर शेवटी बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) टाकताना मेला. मी आयएसओ दोनदा उतरवली, पेनड्राइव्ह बदलला, डिस्ट्रो बदलली, शेवटी वैतागून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं टूल) लावला तर सातव्या मिनिटाला स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस. रॅमच्या दोन काड्यांपैकी एक गेलेली. ती काढली आणि पहिल्याच फटक्यात इन्स्टॉल झालं. तेव्हापासून माझा ठोकताळा असा आहे, दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर रॅम किंवा गरम होणं, दर वेळी नेमकं त्याच जागी अडकत असेल तर आयएसओ किंवा पेनड्राइव्ह. शंभर टक्के बरोबर नसतो पण सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं. मेमटेस्ट कमीत कमी एक पूर्ण फेरी होऊ द्या, रात्री लावून झोपा.

हार्ड डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) पण बघून घ्या, विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सच्या लाइव्हमध्ये 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप. रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा) आकडा शून्यावरून वर गेलेला असेल तर त्या डिस्कवर नवीन ओएस टाकणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग मारणं. तशीही जुनी फिरती डिस्क काढून साटा एसएसडी बसवली तर मशीनमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही हलक्या डिस्ट्रोनं पडत नाही, मदरबोर्डचा साटा पोर्ट जुन्या स्पीडचा असला तरी. आणि हो, बॅकअप. फोटो, टॅली, बँकेची पीडीएफ, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं बाहेर काढा, मालकाला विचारा आणि परत एकदा विचारा.

तिसरी गोष्ट तारीख. बायोसमध्ये (ओएसच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) जाऊन तारीख बघा, २००९ वगैरे दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलाय. यात काय एवढं असं वाटेल, पण तारीख मागे असली की कुठलीच सुरक्षित वेबसाइट उघडत नाही, ब्राउझर सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून ओरडतो आणि अपडेट करायला गेलं की एपीटी (डेबियन-उबुंटूमधलं अपडेट उतरवणारं टूल) म्हणतं रिलीज फाइल अजून लागूच झालेली नाही. माणूस वायफायवर शंका घेत बसतो आणि दोष असतो नाण्याएवढ्या सेलचा.

बायोसमध्ये गेलाच आहात तर (बहुतेक ठिकाणी एफ२ किंवा डिलीट, बूट मेनूला एफ१२ किंवा एस्केप) साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) मोड बघून ठेवा. आयडीई (जुना मोड) असेल आणि एएचसीआय (नवा मोड) मिळत असेल तर ओएस टाकायच्या आधीच एएचसीआय करा, जुनी विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकणार असाल तर मात्र हात लावू नका, विंडोज निळी स्क्रीन देऊन बसेल.

पेनड्राइव्ह. आयएसओचा एसएचए२५६ चेकसम (फाइल नीट उतरली का ते कळायचा कोड, साइटवर दिलेला असतो) जुळवून बघा, पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश नावाची कमांड आहे, दोन मिनिटांचं काम. जुन्या बायोसवाल्या मशीनसाठी रुफसमध्ये पार्टिशन स्कीम (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत) एमबीआर ही जुनी ठेवायची, जीपीटी ही नवी नाही. पेनड्राइव्ह यूएसबी २ च्या काळ्या पोर्टला लावा, यूएसबी ३ चा निळा पोर्ट जुन्या बायोसला बूटच्या वेळी बऱ्याचदा दिसत नाही. आणि बूट मेनूत 'यूएसबी' शोधत बसू नका, काही बायोसमध्ये पेनड्राइव्ह हार्ड डिस्कच्या यादीत आत लपलेला असतो, तिथे जाऊन त्याला वर ओढावं लागतं. अगदीच जुनं मशीन असेल आणि यूएसबीवरून बूट होतच नसेल तर प्लॉप बूट मॅनेजरची सीडी जाळा, सीडीवरून तो चालू होतो आणि तो मग पेनड्राइव्ह उठवतो. सीडी ड्राइव्ह पण मेलेला असेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, तिकडे इन्स्टॉल करा आणि परत आणून बसवा. लिनक्सला हे चालतं, तो दर वेळी उठल्यावर आजूबाजूचं हार्डवेअर नव्यानं ओळखतो, फक्त ज्याच्यावर इन्स्टॉल करताय ते मशीन पण त्याच पद्धतीनं, म्हणजे बायोस असेल तर बायोस मोडमध्येच, बूट झालेलं पाहिजे.

एक वेगळीच जात आहे ती सांगतो कारण यात भलेभले अडकतात. २०१३-१४ च्या सुमारास बे ट्रेल अ‍ॅटमवाले छोटे टॅबलेट-लॅपटॉप आले, त्यांचा प्रोसेसर ६४ बिट पण आतलं यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) ३२ बिट. ६४ बिट आयएसओ लावली तर पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही, जणू लावलाच नाही. कोअर २ ड्युओवाले सुरुवातीचे काही इंटेल मॅक पण असेच. त्याला पेनड्राइव्हवरच्या ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरमध्ये बूटआयए३२ नावाची ईएफआय फाइल असावी लागते, काही आयएसओमध्ये ती आधीपासून असते, काहींत नसते. आयएसओ उघडून ते फोल्डर बघा, आहे का नाही लगेच कळेल.

आता समजा पेनड्राइव्ह चालला, मेनू आला, तुम्ही एंटर दाबलं, लोगो आला आणि मग काळी स्क्रीन. कोपऱ्यात एक डॅश लुकलुकतोय, पंखा फिरतोय, बाकी सामसूम. घाबरू नका, मशीन मेलेलं नाही, फक्त कर्नलनं ग्राफिक्स कार्डला जो मोड दिला तो त्याला झेपला नाही. पॉवर बटण दाबून धरा, बंद करा, परत मेनूपर्यंत या आणि एंटरऐवजी ई दाबा (काही आयएसओंचा मेनू जुन्या धाटणीचा असतो तिथे टॅब). चार-सहा ओळी दिसतील, त्यातली लिनक्स या शब्दानं सुरू होणारी ओळ पकडा, तिच्या शेवटाकडे क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द असतात, ते खोडा आणि त्यांच्या जागी नोमोडसेट लिहा, सगळी छोटी अक्षरं, मध्ये स्पेस नाही. मग एफ१०. क्वाएट काढल्यामुळे आता लोगोऐवजी ओळी पळताना दिसतील, आणि परत अडकलंच तर निदान शेवटची ओळ कुठली ते दिसेल, तिचा मोबाइलनं फोटो काढा, शोधायला तोच कामाला येतो. लिनक्स मिंट या डिस्ट्रोमध्ये हेच सगळं 'कंपॅटिबिलिटी मोड' नावानं मेनूत तयार दिलंय.

पण नोमोडसेट हा कुबडीसारखा प्रकार आहे, त्यावर कायमचं चालायचं नाही. त्यात ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बाजूला ठेवलेला असतो म्हणून रिझोल्यूशन विचित्र दिसतं, व्हिडिओ अडखळतो. त्याच्या आधारानं इन्स्टॉल उरकायचं, मग योग्य ड्रायव्हर बघायचा आणि तो शब्द काढून टाकायचा. इंटेलचं साधं ग्राफिक्स असेल तर बहुधा ही वेळच येत नाही. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांना, म्हणजे जीफोर्स ८ आणि ९ सिरीज वगैरे, कंपनीचा शेवटचा ड्रायव्हर ३४० नंबरचा, तो २०१९ नंतर पुढे सरकलाच नाही आणि नव्या कर्नलवर तो बसवत बसणं म्हणजे दुखणं विकत घेणं, त्यापेक्षा नूव्हो हा ओपन ड्रायव्हर वापरा, गेम नाही चालणार पण डेस्कटॉप चालेल. आणि जीएमए ५०० किंवा ३६०० असं काही दिसलं तर अपेक्षाच कमी ठेवा, नाव इंटेलचं असलं तरी आतली चिप पॉवरव्हीआरची आहे, थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन मिळत नाही, तिथे अँटीएक्ससारखं अगदी साधं डेस्कटॉपच बरं.

इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधी लाइव्हमध्येच अर्धा तास काढा. वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, झाकण बंद करून उघडून झोपतो-उठतो का, सगळं बघा. इथे जे चालतं ते नंतरही चालतं. जे नाही चालत त्याचं नाव आत्ताच काढून ठेवा, त्यासाठी टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, मग स्पेस, मग डॅश आणि एनएनके असं लिहायचं. प्रत्येक डिव्हाइसच्या नावापुढे चौकटी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या येतात आणि खाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते येतं. ड्रायव्हरची ओळच नसेल तर तो तुमचा गुन्हेगार. बॉक्सवर, स्टिकरवर काय लिहिलंय याला किंमत नाही, एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगळ्या वायफाय चिप्स निघतात, म्हणून नेटवर शोधताना मॉडेलचं नाव नाही तर तो कंसातला नंबर टाकायचा.

उदाहरण घ्या, कंसात १४ई४:४३१५ आलं. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ४३१५ म्हणजे बीसीएम४३१२, त्या काळच्या असंख्य लॅपटॉपमध्ये हीच चिप. हिचा बी४३ नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच, पण चिपच्या पोटात भरायचं फर्मवेअर वाटायची परवानगी डिस्ट्रोवाल्यांना नाही. डेबियन १२ पासून बाकीचं बरंचसं नॉन-फ्री फर्मवेअर आयएसओमध्येच मिळतं तरी हे नाही मिळत. मग एक इन्स्टॉलर पॅकेज असतं जे ते फर्मवेअर नेटवरून उतरवतं. म्हणजे वायफाय चालू करायला नेट पाहिजे आणि नेटसाठी वायफाय पाहिजे, आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ.

यावर सगळ्यात सोपा उपाय मोबाइल. अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा, लिनक्सला ते वायरचं नेट म्हणून दिसतं, काहीही टाकावं लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे मी पूर्वी पॅकेजं दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हनं एकेक नेत बसायचो, एक नेलं की ते म्हणायचं मला अजून तीन पाहिजेत. असो. नेट आलं की बी४३ फर्मवेअरचं पॅकेज टाका, या ४३१५ ला डेबियनमध्ये एलपीफायवालं वेगळं पॅकेज आहे ते घ्या, रिस्टार्ट करा. ब्रॉडकॉमचा स्वतःचा डब्ल्यूएल नावाचा ड्रायव्हर पण मिळतो, पण तो तुमच्या मशीनवर कर्नलच्या हेडर्ससकट बांधावा लागतो आणि कर्नल बदलला की कधी कधी बांधलाच जात नाही, म्हणून बी४३ नं काम होत असेल तर डब्ल्यूएलच्या नादी लागू नका. दोन्ही एकदम तर अजिबात टाकू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि वायफाय कधी दिसतं कधी गायब. अर्थात छोटा यूएसबी वायफाय डोंगल पडलेला असेल तर लावून बघा, तो आपोआप चालला तर ही सगळी डोकेफोड वाचली.

इन्स्टॉल स्वतः सोपं आहे. पूर्ण डिस्क द्यायची असेल तर इन्स्टॉलरलाच पार्टिशन करू द्या. हातानं करणार असाल आणि मशीन बायोसवालं असेल तर डिस्क एमबीआर ठेवा, २ टीबीपेक्षा मोठी नसेल तर जीपीटीची काही गरज नाही, जीपीटी केलीच तर ग्रबसाठी (लिनक्सच्या बूटलोडरसाठी) १ एमबीचं बायोस-ग्रब पार्टिशन लागतं नाहीतर सगळं होऊन शेवटी बूटलोडर रडतो. डेस्कटॉप कुठला, तर ४ जीबी रॅम असेल तर मिंट एक्सएफसीई डोळे झाकून, २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी, त्याच्या खाली अँटीएक्स. स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा आणि झेडरॅम पण चालू करा, त्यात रॅमचाच एक भाग कॉम्प्रेस करून स्वॅपसारखा वापरला जातो, २ जीबीच्या मशीनला त्यानं चांगलाच श्वास मिळतो.

आणि मग लोक म्हणतात, सगळं छान झालं पण यूट्यूब अडकतं. त्यात ओएसचा दोष नाही. यूट्यूब हल्ली व्हीपी९ नाहीतर एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं, जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाही म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा विमानासारखा ओरडायला लागतो. ब्राउझरमध्ये एच.२६४ हा जुना फॉरमॅटच घ्यायला लावणारं एक्स्टेंशन मिळतं ते टाका, क्वालिटी ४८० किंवा ७२० वर आणा, टॅब सात-आठच्या वर जाऊ देऊ नका. माझ्या त्या एका काडीच्या लॅपटॉपवर ७२० आता न अडकता चालतं, झाकण बंद करून उघडलं की मात्र कधी कधी आवाज जातो, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही, तोवर मी झाकण बंद न करता सरळ शटडाउन मारतो.